पारायणाने वाचलेली बावन्न पुस्तकं

१ जानेवारी २०२५, सकाळी ६.१०
ही वही किराण्याची. पुढून किराणा, मागून पुस्तकं. नवी वही घ्यायची गरज नाही.

संकल्प: यंदा बावन्न पुस्तकं. आठवड्याला एक.

कारण असं की, महिला मंडळाच्या अध्यक्षीण विनोदिनीताईंनी काल बायकांच्या ग्रुपवर कळवलं. प्रत्येकीने वाचलेल्या पुस्तकांची यादी दर एक तारखेला ग्रुपवर टाकायची. डिसेंबरात जिची यादी सगळ्यात मोठी, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे.

किल्ली अकरा वर्षं ज्योतीताईंकडे आहे. ज्योतीताई म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, एम.ए. मागच्या दिवाळीत मी कपाटातलं एक जाड पुस्तक मागितलं तर चारचौघींत म्हणाल्या, वहिनी, हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही, पातळ देऊ का एखादं? मी मॅट्रिक आहे, तेही पहिल्या फटक्यात. मनात काही ठेवलेलं नाही. २ नोव्हेंबर, सकाळचे साडेअकरा, एवढंच लक्षात आहे.

३ जानेवारी
वाचायची पद्धत ठरली. चाळीस वर्षं पोथीचं पारायण करते, एकदाही खंड पडला नाही. पुस्तकाला वेगळी पद्धत कशाला? आंघोळ करून देवासमोर पाटावर बसायचं. पानांना सातने भागायचं, तेवढी रोज, मोठ्याने. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. सातव्या दिवशी समाप्ती, गूळखोबऱ्याचा नैवेद्य.

कौमुदी, म्हणजे आमची सून, नवा रायपूरला ऑफिसात जाते. बस पकडता पकडता म्हणाली, आई, कादंबरी असं कोण वाचतं? मी म्हटलं, तुम्ही बसमध्ये लोंबकळत वाचता ते चालतं, आणि पाटावर बसून चालत नाही?

९ जानेवारी
पहिलं पुस्तक समाप्त. 'बंगला नंबर सतरा'. पानं २१८. देवासमोर खून वाचावा लागला. इलाज नव्हता, तोवर एकतीस पानं झाली होती. अगरबत्ती अर्धी जास्त लावली.

मी वाचते तेव्हा हे शेजारी दिवाणावर चहाची वाट पाहत बसतात. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून हेच काम. आज पुस्तक मिटलं तर म्हणाले, म्हणजे माळ्याच्या भावानं केलं म्हणते? मी हातानेच थांबवलं. नैवेद्याआधी बोलत नाहीत. चहासाठी माणसाने किती घाई करावी.

१ फेब्रुवारी
यादी टाकली. माझी चार. ज्योतीताईंचं एक, त्यातही लिहिलं की अजून वाचते आहे, घाई नाही. एम.ए.ला घाई शिकवत नसावेत.

विनोदिनीताईंनी मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ज्योतीताईंना नुसता अंगठा.

१४ फेब्रुवारी
आजच्या भागात दोघं खोलीत गेले आणि दार लावलं. पान १४३. लग्न झालेलं नव्हतं, मी मागे लक्ष ठेवून होते. देवासमोर कसं वाचणार? १४३ ते १५१ नामस्मरण करत उलटली. उलटली म्हणजे धरली.

हे म्हणाले, काहून, दार उघडलं का नाही मग? ह्या वयात.

दुपारी चष्मा लावून तेच पुस्तक घेऊन गच्चीवर बसले होते. ऊन खायलासुद्धा काही निमित्त लागतं माणसाला.

२६ मार्च
गोंदियाला भाचीचं लग्न. आठ दिवस गेले. संकल्पात तूट. घरी येऊन गीझरची माहितीपुस्तिका वाचली. सोळा पानं, तीन भाषा. तीन धरता आली असती, एकच धरली. अप्रामाणिकपणा नको.

५ मे
पोथी हेही पुस्तकच आहे, हे चार महिने लक्षातच आलं नाही. यंदाची तीन पारायणं यादीत घेतली.

कौमुदी म्हणाली, आई, एकच पुस्तक तीनदा कसं धरता? मी म्हटलं, तू रोज त्याच ऑफिसात जाते, हजेरी एकदाच लागते का? ती टायपिंग करायला लागली. यादी तीच टाकते. माझ्या बोटाने फोनवर दोन दोन अक्षरं येतात.

१८ जून
उकाडा जात नाही. घसा बसला. म्हणून आजचं वाचन मनात केलं. हे दोन मिनिटांत जवळ येऊन उभे. आज काहून मनात वाचून राहिली? म्हटलं, घसा. लगेच आलं-मिऱ्यांचा काढा करून आणला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, घे आणि वाच, ती पोट्टी स्टेशनावर एकटी उभी आहे.

कोणती पोट्टी ते विचारलं नाही. पण काळजी करतात, हे कळलं. वाचनाचा घरावर असा परिणाम होतो.

२ जुलै
हे आता स्वतःच चहा करून घेतात आणि मग दिवाणावर बसतात. तेव्हा चहासाठी थांबत होते हा माझा गैरसमज असेल. सत्संगासाठी बसत असावेत.

२३ ऑगस्ट
चौतीस. ज्योतीताईंची चार. भेटल्या तर म्हणाल्या, वहिनी, एवढं वाचून करता काय? म्हटलं, समाप्ती.



१० सप्टेंबर
कौमुदीने जेवताना विचारलं, आई, मागच्या आठवड्याचं पुस्तक कशाबद्दल होतं? म्हटलं, चारशे बारा पानं, रोज एकोणसाठ, शेवटच्या दिवशी एक कमी. ती म्हणाली, नाही, गोष्ट? म्हटलं, चांगली होती, नीट बांधलेली, एक पान सुटलं नाही.

हे मध्येच म्हणाले, दोन भावांचं भांडण होतं, विहिरीवरून, अन् दोघांचंही बरोबर होतं, हीच तर गंमत. कौमुदी त्यांच्याकडे वळून बसली. पोळ्या गार झाल्या. मला वाटतं ह्यांनी मनाने रचलं असावं. मी वाचलं, मला विहीर आठवत नाही.

३० नोव्हेंबर
बावन्न. पोथीची सात, पुस्तिका चार, बाकी एकेचाळीस कपाटातली. महिना बाकी ठेवून संकल्प पूर्ण. देवापुढे नारळ फोडला.

ज्योतीताईंची सहा. किल्लीला बांधायला जुन्या पैठणीच्या काठाची नाडी शिवून ठेवली. किल्ली कमरेला चांगली दिसते.

२८ डिसेंबर, दुपारी ४
समारंभ बूढापाऱ्यातल्या हॉलमध्ये झाला. पुरुष मंडळी जेवणापुरती आली होती, मागच्या रांगेत. विनोदिनीताईंनी माझी यादी पूर्ण वाचून दाखवली. गीझरला काही बायका हसल्या. अडाण्यांकडे लक्ष देत नाही.

मग ज्योतीताई उठल्या. म्हणाल्या, यादी झाली, आता वहिनींनी एका पुस्तकाविषयी दोन शब्द सांगावेत, मी निवडते. 'बंगला नंबर सतरा'.

मी उभी राहिले. सांगितलं की पानं २१८, सात दिवस, खंड नाही. ज्योतीताई म्हणाल्या, छान, आणि खून कोणी केला?

मी म्हटलं, ज्याने केला त्याला देव पाहून घेईल.

टाळ्या अपेक्षित होत्या. ज्योतीताई म्हणाल्या, पण कोणी केला वहिनी? मी म्हटलं, परक्याच्या पापाचा उच्चार मी करत नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हे म्हणाले, माळ्याच्या भावानं. पण त्याचा दोष अर्धाच, खरी गोष्ट त्या बंद पत्रात आहे.

बायकांनी खुर्च्या फिरवल्या. हे बोलायला लागले. मग कुणी दुसरं पुस्तक विचारलं, कुणी तिसरं. स्टेशनावरच्या पोट्टीचं सांगताना विनोदिनीताईंनी डोळे पुसले. १४३ ते १५१ सुद्धा ह्यांनी सांगितलं, तेही जपून, की कुणाला काही वाईट वाटलं नाही. कढी दोनदा गरम करावी लागली.

मी उभीच होते. कुणी बस म्हटलं नाही, तेव्हा आपणहून बसले.

किल्ली ह्यांना दिली. बायकांच्या वाचनालयाची किल्ली पुरुषाकडे कशी, हा प्रश्न निघाला, तेव्हा ज्योतीताईंनीच ठराव मांडला. म्हणाल्या, दादाकडे गेली म्हणजे माहेरीच राहिली.

२९ डिसेंबर
शांतपणे विचार केला. पारायणात वाचणाऱ्याला जेवढं पुण्य, ऐकणाऱ्यालाही तेवढंच. किल्ली ह्यांना मिळाली म्हणजे घरात आली. घर माझंच आहे. तेव्हा संकल्प सिद्ध झाला असंच धरते.

नाडी ह्यांना दिली. म्हणाले, पँटच्या खिशात राहते की.

३१ डिसेंबर, सकाळी ८.४०
सकाळी पाट मांडायला गेले तर देवघरासमोर सात खुर्च्या. ह्यांनी मांडलेल्या. विनोदिनीताई, ज्योतीताई आणि आणखी पाच जणी आल्या. काल ठरलं म्हणे, मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. ज्योतीताई म्हणाल्या, वहिनींचा आवाज खणखणीत आहे, वहिनी वाचतील, दादा समजावून सांगेल. ह्यांनी पुस्तकही काढून ठेवलं होतं. मला एवढंच सांगितलं की जरा हळू वाच, तू पूर्णविरामाला थांबतच नाहीस.

थांबत वाचलं. बाराव्या पानावर सगळ्या एकदम हसल्या. ज्योतीताई तर पदर तोंडाला लावून. हे माझ्याकडे पाहून हसले, म्हणजे मलाही हसू आलं असेल असं समजून. मीही हसले.

सगळ्या गेल्यावर कपबशा विसळल्या. पुस्तक पाटावरच आहे, घरात कुणी नाही. बाराव्या पानावर काय होतं ते एकदा पाहावं म्हणते.

फक्त परत वाचलेलं पान धरायचं की नाही, याचा नियम केलेला नाही.