घुबडाच्या गोळ्यातली कडी

दादा,

ओट्यावरचा वाडगा बघून नाक मुरडू नकोस आणि तो ओतून तर मुळीच देऊ नकोस. घुबड न पचलेली हाडं-केस गोळा करून ओकतं, तो गोळा लॅबसाठी भिजत घातलाय. हाडं वेचताना चिमट्यात एक निळी कडी आली. हो, तीच, बाबांच्या लव्हबर्डच्या पायातली. काडेपेटीत घालून तुझ्या टेबलावर ठेवलीय. दोनदा बाबांच्या दारापर्यंत गेले आणि तशीच मागे फिरले. ते अजून रोज रिकाम्या पिंजऱ्यात दाणे घालतात आणि तुझ्याशी बोलत नाहीत. आता कामावर पळतेय. संध्याकाळी मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस. पक्षी उडाला त्या दिवशी खिडकी तू नाही, मी उघडी टाकली होती.