डावीकडचे टक्स

ताईंना नमस्कार,

तुम्ही रोज फोनवर विचारता, "समजावलंत का तिला?" तुमच्या बहिणीला समजावणारा अजून जन्माला यायचाय.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. कॅन्सरमुळे काढलेल्या डाव्या स्तनाच्या जागी पोटाचं मांस लावून नवा कसा करतात, ते त्यांनी चित्र काढून दाखवलं. डॉक्टरकी मी शिकलो नाही, पण शिंपी आहे, कापणं-जोडणं मला कळतं. टाके कुठे येतील, दोन्ही बाजू सारख्या दिसतील का, मी विचारत सुटलो. डॉक्टरही रंगले. तेवढ्यात ही उठली. "तुमचं दोघांचं बेतून झालं की सांगा. मी बाहेर बसते."

घरी येऊन मी चिडलो. "गिऱ्हाइकाचा उतरता खांदासुद्धा मी आतून भर घालून सारखा करतो. आणि माझ्याच घरात हे असं?"

"मी गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली. "मला पुन्हा भूल नको, टाके नकोत. आता आहे त्या मापाचे ब्लाउज द्या. आणि ताईला मीच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका."

म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण राग अजून गेलेला नाही.

तिची मापं मला तोंडपाठ होती. आज नव्याने घेतली. छातीला उभार देणाऱ्या चुण्या, म्हणजे टक्स, उजवीकडचे ठेवले, डावीकडचे काढून टाकले. तिने ब्लाउज घातला, आरशासमोर हात वर-खाली केला.

"काखेत काचतोय," म्हणाली.

तुमचा,
पुन्हा उसवायला बसलेला मेहुणा