ढाल दोनदा मोजायची का?

तळा,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुलदीपदादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे मजेत आहोत. तूही पुण्यात बरा असशील. आईचा गुडघा जरा कुरकुरतो, पण वाल सोलायला मांडी घालून बसतेच. शाळेत मला यंदा चौथीचा वर्ग शिकवायला मिळालाय. फोनवर घरचा विषय निघाला की तू "नंतर बोलू" म्हणतोस, म्हणून हे पत्र.

खरं तर एक नियम विचारायचाय. तू इंग्रजी पुस्तकावरून मराठीत उतरवलेला तो लढायांचा खेळ आम्ही परत सुरू केलाय. दर रविवारी, आपल्याच पडवीत. जुनीच मंडळी: स्वप्निल गोष्ट सांगतो, सोनल दिवेआगरहून येते. तुझी वही माझ्याकडेच होती.

परवा खेळात सोनलचं पात्र, तिची तुळशी, किल्ल्याच्या दारात एकटी अडकली. हातात ढाल, जीव उरलेला चार. पहारेकऱ्यासाठी स्वप्निलनं वीस बाजूंचा फासा टाकला, सतरा पडले. तुळशीचा बचाव ढालीसकट सोळा, म्हणजे वार लागला. जखम चारची. तुळशी मेली.

"थांब," सोनल म्हणाली. "पान सत्तावीस बघ. ढाल असेल तर बचाव म्हणून जखमेतून दोन वजा."

"ढाल आधीच मोजलीय," स्वप्निल म्हणाला. "पान अकरा. सोळा कुठून आले मग?"

"मग सत्तावीसवर काय शोभेला लिहिलंय?"

अर्धा तास हेच. सोनल रडायच्या बेताला आली, दोन वर्षं जपलेलं पात्र तिचं. तेवढ्यात अंगणातल्या खुर्चीतून अण्णा उठून आले. मी पटकन वही मागे सारली. त्यांच्या लेखी याच खेळानं तुझी तलाठ्याची परीक्षा घालवली होती ना.

त्यांनी वही घेतली, चष्मा चढवला, दोन्ही पानं वाचली. मग मास्तर असताना वर्गात बोलायचे अगदी तसे म्हणाले, "अरे, भांडण नियमाचं न्हाय, शब्दाचं हाय. 'बचाव' हा एकच शब्द दोन अर्थांनी आलाय. इथं वार चुकवणं, तिथं लागलेला वार सोसणं. दोन्हीला वेगळे शब्द हवेत. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, ते त्यालाच विचारा." पान उलटून पुढे म्हणाले, "बाकी समजावलंय झकास. कुणी लिहिलंय?"

मी म्हटलं, "दादानं."

ते वही मिटून म्हणाले, "एवढं डोकं होतं माझ्या पोराला. परीक्षेच्या दिवशी कुठं गेलं होतं?"

दादा, चार वर्षं हे वाक्य मी ऐकत आलेय आणि दर वेळी मान खाली घालत आलेय. या वेळी जमलं नाही. सोनल-स्वप्निलसमोरच मी सगळं सांगितलं. परीक्षेच्या सकाळी कुणाला न विचारता मी तुझी बाईक घेऊन आगरदांड्याला निघाले होते. वळणावर घसरून पडले. तू एसटीनं रोह्यापर्यंत पोचला होतास. माझा फोन आला म्हणून उतरलास, उलटा आलास, मला दवाखान्यात नेलंस. "अण्णांना सांगू नको" अशी शपथ मीच घातली. आणि संध्याकाळी त्यांनी सगळ्यांदेखत "फासे खेळत बसलास?" विचारलं तेव्हा तू "हो" म्हणालास. मी तिथंच होते, ओढणीखाली हाताची पट्टी लपवून. त्यांचा हात तुझ्यावर उठला, तरीही मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तू बॅग उचललीस.

मला वाटलं, आता माझी पाळी. पण अण्णा माझ्याशेजारी पायरीवर बसले. माझा हात हातात घेऊन पाहिला. विचारलं, "दुखतो का गं अजून?" तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

काल दिवसभर ते तुझी वहीच चाळत होते. आज सकाळी चहा घेताना एकदम म्हणाले, "त्याला पत्र टाक. ढालीचं विचार." मी म्हटलं, "एवढंच?" तर कप खाली ठेवून म्हणाले, "लिही, चूक माझी झाली." आणि लगेच, "नको. ते मी त्याला तोंडावर सांगेन. तू फक्त ये म्हण."

मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव, आणि सावकाश ठरव. पण माझ्यावरचा राग अण्णांवर काढू नकोस. आत्ता हे लिहितेय तर ते तिसऱ्यांदा दारात डोकावून गेले, लिहून झालं का बघायला.

दादा, ये.

चार वर्षं उशिरा बोललेली,
तुझी रचना