ठिणगीची वेळ

९ फेब्रुवारी

ती. ताईंना सप्रेम नमस्कार,

रविवारी फोनवर तुम्ही "सगळं ठीक ना, वहिनी?" असं विचारलंत आणि मी "मजेत" म्हणाले. बाबा हाताच्या अंतरावर पलंगावर पडले होते, दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे एकाला शिंक आली तरी दोन्ही खोल्यांना कळतं. म्हणून हे पत्र. लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. समोर कुणाच्या तरी खालच्या कवळीचा साचा वाळतोय.

आधी बाबांची तब्येत. लकव्याचा डावा हात अजून तसाच आहे. पाय थोडा उचलतात, भिंतीला धरून बाल्कनीपर्यंत येतात. भूक चांगली आहे. जिभेचा जडपणा बराच गेलाय, त्यामुळे शिव्या पुन्हा स्पष्ट ऐकू येतात. फिजिओथेरपीवाला त्यांना घाबरून असतो.

बाबांची छंदाच्या छोट्या विमानांची इंजिनं तुम्हाला आठवतच असतील. पलंगाखालच्या पेटीतली, मुठीत मावणारी. त्यांना जे अल्कोहोलचं इंधन लागायचं ते आता इथे मिळत नाही, हॉबीच्या दुकानवाल्याने हात वर केले. तेव्हा बाबांनी ठरवलं की इंजिन पेट्रोलवर चालवायचं. म्हणजे त्यांनी पलंगावरून हुकूम सोडायचे आणि मी हात काळे करायचे.

वाटतं तितकं सोपं नाही हो ते. जुन्या तऱ्हेत प्लगची तार नुसती लालबुंद राहते आणि तेवढ्यावर भागतं. पेट्रोलला मात्र ठिणगी लागते, तीही नेमक्या क्षणी. त्यासाठी पंख्यामागच्या चकतीत तांदळाएवढं लोहचुंबक बसवायचं. चकती फिरताना ते सेन्सरसमोरून गेलं की ठिणगी पडते. चुंबकासाठी भोक मी कवळ्यांच्याच ड्रिलने पाडलं. बाबा म्हणाले, "चला, याला आता दात आले!" जुन्या नळ्या पेट्रोलने फुगून लिबलिबीत झाल्या, त्याही बदलल्या. स्वयंपाकघराला इतका वास लागला की शेजारीण विचारून गेली, "गॅरेज काढलंत की काय?"

सगळं झालं, पण इंजिन काही सुरू होईना. फुरफुरायचं, खोकायचं, धूर सोडून गप्प बसायचं. बाबा म्हणायचे, "कार्बोरेटर उघड." मी उघडायची. "सुई बारीक घे." घ्यायची. अख्खा हिवाळा यात गेला.

ताई, मध्येच एक गोष्ट मी गाळली. ती आधी सांगायला हवी होती.

पावसाळा संपता संपता मला दुसऱ्या गावच्या मोठ्या लॅबमधून बोलावणं आलं. दातांच्या सिरॅमिकचा पूर्ण विभाग माझ्याकडे, राहायला खोली. रात्रभराचा प्रवास आहे, येऊन-जाऊन जमण्यासारखं नाही. त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. मग म्हणाले, "पेटी काढ. एवढं एक इंजिन मला सुरू करून दे आणि खुशाल जा. तोवर मी ताईशी बोलून ठेवतो."

ते तुमच्याशी बोललेले नाहीत. बोलले असते तर रविवारी तुम्ही मला उन्हाळ्यात लोणच्याच्या बरण्या पाठवू का, असं विचारलं नसतंत.

मागच्या आठवड्यात मी इंजिन पिशवीत घालून हॉबीच्या दुकानात नेलं. दुकानवाल्याने पंखा बोटाने सावकाश फिरवला आणि हसायलाच लागला. "चुंबक कुणी बसवलंय?"

"मी. सासऱ्यांनी खूण करून दिली तिथे."

"अहो, पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडायला हवी. तुमची तो खाली उतरायला लागल्यावर पडतेय. असं जन्मात सुरू होणार नाही. सासरे काय करायचे?"

"स्कूटरचं गॅरेज होतं त्यांचं."

त्याचं हसू गेलं. इंजिन फडक्यात गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाला, "मग त्यांनाच विचारा."

ताई, तुमचे वडील नुसता आवाज ऐकून स्कूटरच्या ठिणगीची वेळ सांगायचे, हे लग्न होऊन आल्यापासून मी ऐकतेय. मला इतका राग आला की माझी बस येऊन गेली तरी मी थांब्यावर उभीच. वाटलं, तशीच समोरच्या एसटी स्थानकातून कुठल्याही गाडीत बसावं. पण त्यांची संध्याकाळची गोळी माझ्याशिवाय कोण देणार? मागून आली त्या बसने घरी गेले.

त्यांच्या समोर बसून चकतीला नवीन जागी भोक पाडलं, चुंबक चिकटवलं. ते बघत होते. "कार्बोरेटर उघड" म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत फळीला इंजिन घट्ट बांधलं आणि दांडीने पंख्याला झटका दिला. दुसऱ्याच झटक्याला ते असं काही कडाडलं की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. बाबांनी डोळे मिटून घेतले. पेट्रोल संपेपर्यंत उघडले नाहीत.

मग म्हणाले, "कधी निघतेस?"

"तुम्हाला माहीत होतं, बाबा."

"होतं." आणि इंजिनाकडे बघत, "माझा मुलगा तुला टाकून गेला, तेव्हा मी तुला थांब म्हणालो नव्हतो. तू आपणहून थांबलीस. आता कोणत्या तोंडाने थांब म्हणू, पोरी?"

मी म्हणाले, "संथ चालीवर अजून अडखळतंय. तेवढं जमवायला हवं."

ते अजिबात अडखळत नव्हतं. आणि त्यांच्या कानाला ते कळलं नसेल असं होणारच नाही. तरी ते म्हणाले, "हो, अडखळतंय खरं."

तेव्हापासून आम्ही दोघं रोज काही न बिघडलेलं इंजिन दुरुस्त करतोय. मी सुई अर्धा फेरा फिरवते, ते मान हलवतात, मी पुन्हा होती तिथे आणते. एकमेकांकडे बघत नाही.

मला जायचंय, ताई. हे मी तोंडाने अजून कुणापाशी म्हटलेलं नाही. लॅबने एक तारखेपर्यंत वाट बघू असं कळवलंय, पुढे नाही. तुम्ही बाबांना न्यायला आलात तर मी जाईन. "बघू" म्हणालात तर जाणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखते. मग तो राग मी त्यांच्यावर काढेन. आरडाओरडा करून नव्हे. चहा जरा गार देऊन, हाक ऐकू न आल्यासारखं करून. परवा एकदा तसं केलं. त्यांनी तो चहा मुकाट्याने पिऊन टाकला, आणि मला माझीच भीती वाटली.

तुमच्या भावाला यातलं काही कळवू नका. आणि फोन करू नका, फोनवर मी पुन्हा "मजेत" म्हणेन. स्वतः या.

अजून तरी तुमची,
वहिनी