सूपभर कोंड्याचं नाव

आई, परवा तुझ्या नातीच्या लग्नाची पत्रिका छापून आली. तिच्यावर वधूपिता म्हणून माझं नाव आहे, आणि त्या नावावरून घरात जे रामायण झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील, पण नाव तू ठेवलंस, तेव्हा तक्रारही तुझ्याकडेच.

माझ्याआधीची दोन पोरं तुझ्या मांडीवरच गेली. चुलीपुढं तांदळाची भाकरी थापताना ही गोष्ट तू किती वेळा सांगितलीस. मी पाच दिवसांचा असताना तू मला शेजारच्या काकीला विकलंस, सूपभर कोंड्याला. मग काकीनं मला सांभाळायला म्हणून परत तुझ्याच ओटीत घातलं. पोर दुसरीचं, तेही कोंड्याच्या मोलाचं, असं बघून यम दारावरनंच माघारी गेला म्हणे, आणि माझं नाव पडलं कोंडिबा. तू हे हसत हसत सांगायचीस, पण त्या वेळची भाकरी हटकून करपायची. करपलेली मलाच मिळायची.

कुंभारवाड्याच्या शाळेत घालायला नेलंस तो दिवस मला अजून दिसतो. गुरुजी लिहिता लिहिता थांबतात. "बाई, पोरगं हुशार दिसतंय. असल्या नावाला पुढं कोण विचारणार? किरण लिहितो." माणूस भला होता, निम्म्या वर्गाची नावं त्यानं अशीच सुधारून घेतली होती. तू पदर खोचतेस. "गुरुजी, यमाला कळलं हे माझंच पोर हाय, तर तुम्ही परत आणून देणार व्हय?" गुरुजींनी निमूट कोंडिबा लिहिलं. वाटेत मी भोकाड पसरलं, मला किरणच पाहिजे म्हणून. तू पाठीत धपाटा घातलास. "जित्ता हायस न्हवं? मग गप चल."

आता मी सुपा धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर पाहुण्यांना जंगल दाखवतो. छातीवर नावाची पट्टी असते. माझ्याबरोबर रामनगरचा आर्यन आहे, पोरगा गुणी, पण पाखरांच्या बाबतीत नाव मोठं लक्षण खोटं. त्याला कोंबडी आणि कावळा एवढंच नक्की ओळखता येतं. तरी पट्ट्या वाचून पाहुणे बॅगा माझ्याकडे देतात आणि पाखरांची नावं त्याला विचारतात. एकदा आम्ही गंमत म्हणून पट्ट्या बदलल्या. पुण्याच्या एक बाई दिवसभर माझ्यामागं "आर्यन सर, तो धनेश ना?" करत फिरल्या, आणि निघताना माझं शिक्षण कुठं झालं ते विचारलं. आर्यननं तोवर चार बॅगा चढावर नेल्या होत्या. संध्याकाळी कंबर चोळत त्यानं माझी पट्टी परत दिली. "मामा, तुमचं नाव लई जड हाय वो!"

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. पाहुण्यांच्या यादीत धोंडिराम वाचलं की हा ड्रायव्हर, असं मी धरूनच चालतो. गेल्या साली अशाच एका धोंडिरामला मी मागच्या पडवीत चहा दिला. गाडीचा मालक तोच निघाला. बिचारा चहा चांगला झालाय म्हणाला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर पत्रिका. नवरदेवाचे काका बेळगावहून फोनवर म्हणाले, "हापिसातली मोठी माणसं येणार हायती, पत्रिकेवर जरा बरं नाव घाला की." पोरीला सासरी पहिल्याच दिवशी खाली मान घालावी लागू नये, एवढंच माझ्या मनात आलं. मी छापखान्यात किरण लिहून दिलं. नमुना हातात पडताच तुझी नात तुझ्यासारखीच पदर, म्हणजे ओढणी, खोचून उभी राहिली. "पप्पा, हा किरण कोण? त्याला पोरगी असंल तर तिचं लगीन लावा, मी चालले कामाला." मग तिनं सासूला फोन लावला आणि कोंड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पलीकडनं विहीणबाई म्हणाल्या, "काकांस्नी मी बघते. नाव ठळक छापा." तसं छापलंय. इतकं ठळक, की नवरदेव कोण ते शोधावं लागतं. मी हसलो, आणि मग गोठ्यात जाऊन थोडा रडलो.

पहिली पत्रिका आज देवापुढं ठेवायची आहे. तिच्याखाली हे पत्र सरकवावं असं मनात होतं, पण नाही ठेवत. देवाजवळून ते तुला पोचायचं आणि लग्नघरात मला धपाटा बसायचा. कारण तो किरणचा नमुना फाडून टाकला असं मी पोरीला सांगितलंय, आणि तो माझ्या खिशात आहे. अधूनमधून काढून बघतो. छान दिसतं गं ते नाव.