बाबांनी दिलेली मुलाखत

मंगळवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. पण तुमचे फोन गेटवर काढून घेतात आणि आत फक्त डबा जातो, म्हणून हे डब्याच्या वरच्या कप्प्यात घातलंय. जेवायच्या आधी वाच.

घरी सगळं ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. शिलाई मशीनचा पट्टा पुन्हा तुटला, तो त्यांनी दोऱ्याने बांधून चालवलाय.

राजीनामा अजून तुझ्याकडेच आहे ना? जेवण झाल्यावर देणार म्हणाली होतीस. देऊ नकोस.

थांब, नीट सांगते. तू गेल्यावर त्या घरून कामाच्या नोकरीवाल्यांचा मेसेज आला. लॅपटॉप पाठवण्याआधी अनामत रक्कम दुपारपर्यंत भरा, तुझ्या बँकेच्या कार्डाचा फोटो पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आणि घरच्यांशी चर्चा करू नका, कंपनीची गोपनीयता आहे म्हणे! मी थबकलेच. काम आपण करायचं आणि आधी पैसेही आपणच द्यायचे? व्हिडिओवर दोन मिनिटं बोलूया, असं लिहिलं, तर उत्तर आलं, ‘साहेब बैठकीत आहेत.’ साहेब जन्मापासून बैठकीतच आहेत बहुतेक. मग त्यांचा ईमेलचा पत्ता निरखून पाहिला. कंपनीच्या नावाला भलतंच शेपूट जोडलेलं होतं.

त्यांनी दिलेला नंबर सोडला आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर शोधून फोन लावला. एक बाई बोलल्या.

“घरून काम? अशी जागाच नाही हो आमच्याकडे. आमच्या नावानं कुणीतरी नेमणूकपत्रं वाटतंय. पैसे भरलेत का?”

“नाही.”

“वाचलात! आता भरूही नका. आणि फोनवर बँकेचा कोड आला, तर कुणालाही सांगू नका.”

तूही सांगू नकोस. सुटल्यावर फोन हातात आला की त्यात असा कोड आलेला दिसेलही. कुणी माझं नाव सांगून मागितला तरी नाही.

एवढंच असतं तर पत्र इथेच संपलं असतं.

तुझी मुलाखत चॅटवर झाली आणि तू कामावर होतीस म्हणून उत्तरं मी दिली, हे तुला माहीत आहे. शेवटच्या उत्तराचं मात्र तुला सांगितलं नाही. लिहून बोटं दुखली म्हणून मी फोनला बोलून टाइप करायला लावलं होतं. प्रश्न आला, ‘ग्राहक नाराज झाला तर काय कराल?’ मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यावरचे मास्तर शर्ट घेऊन भांडायला आले. बाबा ओरडले, “बाही आखूड नाही झाली मास्तर, तुमचे हात लांब आहेत! उचला शर्ट आणि चालते व्हा!” फोनने ते सगळं टिपलं आणि घाईत माझ्याच बोटाने ते पाठवलं गेलं. मी कपाळाला हात लावला. तिकडून उत्तर आलं, ‘उत्कृष्ट! तुमच्यासारख्या शांत स्वभावाच्या व्यक्तीच्याच आम्ही शोधात होतो. अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.’

बाबा म्हणाले, “बघ, नोकरी मला लागली!” आम्ही पोट धरून हसलो.

तिकडे कुणी काही वाचतच नव्हतं, ताई. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण संध्याकाळी तू सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसलीस आणि विचारलंस, “म्हणजे बसून काम? दिवसभर?” मी हो म्हटलं. बाबांनाही गप्प राहायला लावलं. घरात पदवी माझी एकटीची, कागद मी वाचते, आणि मी खरं म्हटलं की तुम्ही कुणी पुन्हा बघत नाही. कॉलेजची सगळी वर्षं तू त्या पॅकिंगच्या पट्ट्यासमोर उभी राहिलीस. मला तुला खुर्ची द्यायची होती. इतकी द्यायची होती, की तिला पाय आहेत का हेही पाहिलं नाही.

तुझ्या ओळखपत्राचा फोटोही मी त्यांना पाठवून बसले आहे.

बाबा आणि मी गेटवर थांबलोय. रिकामा डबा परत आल्याशिवाय ते हलणार नाहीत. त्यात काहीतरी लिहून पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

जिच्यासाठी तू उभी राहिलीस, ती
तुझी धाकटी

*

धाकटे,

घाईत लिहितेय, पाठकोरा कागद आहे. राजीनामा सकाळीच देऊन बसले होते. मला कुठे धीर निघतोय! पत्र वाचून डबा तसाच ठेवला. तशीच सुपरवायझरकडे धावले. तो म्हणाला, “आता कशाला? तुझ्या जागेवर माझी मेहुणी येतेय.” मी म्हटलं, “वर पाठवला नसेल तर द्या, नाहीतर मीच वर जाते.” मग त्याने खण उघडला.

डब्याच्या खालच्या कप्प्यात राजीनाम्याचे तुकडे आहेत. बाबांना दाखव आणि घरी ने त्यांना, उन्हात उभे असतील. तू बँकेत जाऊन खात्याचं सांग. ओळखपत्राची तक्रार संध्याकाळी दोघी मिळून करू.

रागावले आहे. नोकरीवरून नाही. ते बाहीचं मला सांगितलं असतंस, तर मीही पोट धरून हसले असते, आणि हसता हसता आपल्या दोघींनाही कळलं असतं. माझे पाय दुखतात म्हणून माझ्यापासून काही लपवत जाऊ नकोस.

अजून उभी असलेली,
तुझी ताई