एकोणीस हजार रोख

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

तीन कुलपं, तीन चाव्या, तीन बाया — आणि तिघींची तीन मतं! वंदना संपली आणि विहाराच्या दारातच भांडण जुंपलं. इतकं झकास भांडण बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

विहाराला लागून प्रभाकररावांची मोकळी जागा आहे. ते महिनाअखेर गाव सोडून नागपूरला मुलाकडे चाललेत, म्हणून विकायला काढली. तीन लाख साठ हजार. आम्ही आज महिला मंडळाची तीन कुलपांची पेटी उघडली. मोजणी अर्थात माझ्याकडे. एसटीत कंडक्टर असलं की गावभराची चिल्लर आपल्याच पदरात पडते. सगळ्यांना हाताशी घेऊन दोन तास मोजलं. तीन लाख त्रेसष्ट हजार आठशे चाळीस! अकरा वर्षं, दर रविवारी, घरामागे दहा रुपये. कुणी वीस. नोटबंदीत सगळा गाव रांगेत उभा होता, आमची पेटी मात्र निवांत. दहाच्या नोटा कोण बंद करणार!

जागा घेऊन पोरींसाठी अभ्यासिका बांधायची आहे. कौशल्यामावशीची नात काजल सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास पाण्याच्या टाकीखाली बसून करते. वरून थेंब पडतात, वही पुसत पुसत वाचते.

सगळ्या खूश होत्या. तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या अश्वजितने मिठाचा खडा टाकला. वकिलाकडे कारकून ना!

"रोख नाई देता येत. जागेच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याच्यावर रोख घेतले, तं घेणाऱ्याले तेवढाच दंड."

मावशी ताडकन उठली. "दंड कायचा? चोरीचे हाय का आमचे पैशे?"

अन्नपूर्णाबाई आमच्या अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं — "मावशी, काळा पैसा थांबवायसाठी कायदा आहे तो."

"काळा त्यायचा, अन् कायदा आमाले!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवली. मग आठवलं, मी तर बँकेच्या बाजूची आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

हिंगणघाट–समुद्रपूर गाडीत मीच विषय काढला. काढला कशाला, असं झालं! वडनेरकडचे एक बाबा तापले — "माह्या पैशाले मीच हात लावाचा नाई, हे कोनतं राज्य?" मागच्या सीटवरचा पोरगा म्हणाला, "बाबा, मोबाइलवरून एका सेकंदात जाते." बाबा — "जाते तं खरं, पन जातानी दिसते का?" अर्धी गाडी बाबांच्या बाजूने, अर्धी पोराच्या. एक बाई म्हणाली, मोठ्या लोकायले कोन पकडते? दुसरी म्हणाली, रोखीनंच तं घरं कागदावर फुकटात दाखवून विकून राह्यले लोक, बसू दे की लगाम! दोघी एकाच गावच्या निघाल्या, उतरताना एकमेकींच्या पिशव्या धरून उतरल्या.

त्याच बाबांनी तिकिटाला पाचशेची नोट काढली. माझं मत तिथल्या तिथे पक्कं झालं — रोखीवर मर्यादा हवीच, आणि ती पाचशेच्या नोटेपासून सुरू व्हावी!

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रभाकरराव वकिलांना भेटले. हिंगणघाटचा एक टाइल्सवाला गोडाऊनसाठी जागा मागतोय, सगळे पैसे बँकेतून द्यायला तयार आहे. पण पहिला शब्द आम्हाला दिला म्हणून थांबलेत. सोळा तारखेपर्यंत बयाणा, नाहीतर टाइल्स. या वयात दंड भरायची आपली तयारी नाही, असंही म्हणाले. त्यात त्यांचं काय चुकलं?

मंडळाचं बँकेत खातं आहे. त्यात पाचशे रुपये बरीच वर्षं झोपलेत. पैसे त्यात टाकायचे, तिथून त्यांच्या खात्यात — संपला विषय.

पण पेटीची तिसरी चावी कौशल्यामावशीच्या कमरेला आहे! रविवारी मोजणी झाली आणि तिने आपलं कुलूप लावून टाकलं. म्हणते, बँकेसाठी उघडणार नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज दोन नामी तोडगे निघाले.

पहिला मावशीचा — "दर रविवारी एकोनीस हजार देऊ. हप्ता पडला की वंदना. एकोनीस रविवारात जागा आपली."

दुसरा, लाज वाटते लिहायला, माझा. मंडळात एकोणीस बाया. प्रत्येकीने वीस हजाराच्या आत द्यायचे, प्रत्येकीची वेगळी पावती. सगळ्यांना इतका आवडला की मला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त मिळाली. आमचं सगळंच पाळीपाळीने चालतं — भिशी पाळीने, विहाराची झाडलोट पाळीने, पेटीसुद्धा पाळीने एकेकीच्या घरी. सरकारही पाळी मानेल असं वाटलं!

सोमवार, १० फेब्रुवारी

अश्वजितने दोन्ही तोडगे वकिलांना सांगितले. वकील म्हणे पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला. सौदा एक, तर रोखीचा हिशेबही एकच. रविवार कितीही असोत, बाया कितीही असोत.

दोन बिस्किटं उगाच खाल्ली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ड्यूटी संपवून मावशीकडे गेले. चुलीवर वांगं भाजत होती. मी सरळ म्हटलं, मावशी, चार दिवस राहिले. पोरींची जागा जाईल. तुमच्याच नातीची जागा!

"जाऊ नाई देत मी."

मग चावी द्या.

"देतो. पन पैशे मी देईन. माह्या हातानं, त्याच्या हातावर."

मी समजावलं, बँकेतून गेले तरी ते आपलेच पैसे. पावतीवर मंडळाचंच नाव.

"बँकेले हात हाय का?" एवढंच म्हणाली आणि वांगं उलटं केलं.

आता बँकेला हात नसतात हे मलाही माहीत आहे! चिडून निघाले. चांगली बाई आहे, माझ्या बाळंतपणात दीड महिना डब्बा पोचवला तिने. पण हा अडाणी हट्ट आहे. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. उद्या टाइल्सचे ट्रक विहारासमोर उभे राहतील तेव्हा ठेव म्हणावं त्यांच्या हातावर पैसे!

निघताना तिने भाजलेलं एक वांगं दिलं होतं. भरीत फार छान झालं. तरी राग आहेच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काजल! काजल! काजल!

सकाळच्या गाडीत बसली, फॉर्म भरायला हिंगणघाटला चालली होती. मी तिकीट फाडता फाडता तिच्या आजीची गाऱ्हाणी सुरू केली. तिने शांतपणे विचारलं, "मेघाकाकू, नियम नक्की काय आहे? वीस हजार किंवा जास्त, बरोबर?"

बरोबर.

"म्हणजे वीसच्या आत चालते नं? बयाणा एकोणीस हजार रोख द्या. बाकीचे बँकेतून. आजी हातावर ठेवते, कायदाही राहते."

मी मागच्या सीटच्या दांड्याला धरून उभी राहिले. बारा दिवस एकोणीस-एकोणीस करत होतो आम्ही! एकोणीस रविवार, एकोणीस बाया, आणि नुसते एकोणीस हजार एकदाच द्यावेत हे एकीच्याही डोक्यात येऊ नये? इतका आनंद झाला की पुढच्या थांब्याची घंटी मारायला विसरले. ड्रायव्हर रागावला. रागावू दे.

अश्वजितने वकिलांना फोन लावला. चालते म्हणाले, फक्त पावतीत तसंच लिहायचं, लपवालपवी नाही. प्रभाकररावही तयार.

मावशीला सांगितलं. तिने कमरेची चावी सोडली. मग म्हणाली, "साऱ्या दहाच्या पाह्यजेत. अन् नव्या-जुन्या निवडजो नको, जशा हाय तशा."

रविवार, १६ फेब्रुवारी

दिला बयाणा! हात अजून नोटांच्या वासाने भरलेत.

दहाच्या एकोणीसशे नोटा दोन पिशव्यांत. मावशी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून पुढे, मागे आम्ही सगळ्या. प्रभाकररावांनी घरात खुर्च्या मांडल्या होत्या, चहाचं आधण ठेवलं होतं. मावशी आत गेलीच नाही. त्यांच्या घराला लागून वडिलांचं जुनं किराणा दुकान आहे, कित्येक वर्षं बंद. त्याच्या पायरीवर बसली.

"अंदर या नं, कौशल्याबाई."

"नाई. इथंच."

मग तेही काठी टेकत आले आणि तिच्या शेजारी बसले. मी रबर लावून शंभर-शंभरच्या गड्ड्या केल्या होत्या. मावशीने पहिल्या गड्डीचं रबर काढलं आणि एक नोट पुढे केली. एक!

"मोजाची गरज नाई, मेघानं मोजल्या हायेत," प्रभाकरराव म्हणाले.

"मोजा."

मोजल्या बिचाऱ्यांनी. एक नोट तिच्या हातातून त्यांच्या हातात, मोठ्याने आकडा, मग पुढची. आम्ही आधी हसलो, मग बसलो, मग अन्नपूर्णाबाईंनी आतला चहा बाहेर आणला. एकशे चाळीसवर ते थांबले. चष्मा काढला, डोळे पुसले. मी म्हटलं, जुन्या नोटांची धूळ आहे हो, काका, आमच्या गाडीतही अशीच उडते. सगळ्या हसल्या. ते हसले नाहीत. मावशीनेही घाई केली नाही, पुढची नोट धरलेला हात तसाच ठेवून बसली. मग ते म्हणाले, "एकशे एक्केचाळीस."

पूर्ण व्हायला सव्वा तास लागला. शेवटची नोट फाटकी होती, तीही घेतली. पावतीवर सही केली. मावशी उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चाल वो मेघा, भूक लागली."

गुरुवार, २० फेब्रुवारी

बँकेत तीन लाख चव्वेचाळीस हजार आठशे चाळीस भरले. कॅशियरने आधी पिशव्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, दादा, रोज माझ्या जागी बसून पाहा.

मावशी सोबत होती. पासबुकात छापून आलेला आकडा तिने काजलकडून तीनदा वाचून घेतला. बँक तशी वाईट नाही म्हणाली. पंखा चांगला आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रजिस्ट्री झाली! तीन लाख एक्केचाळीस हजार बँकेतून गेले. जागा मंडळाची. कागदाच्या खर्चासाठी बायांनी वेगळी वर्गणी काढली. बुंदी वाटली, मी चार वेळा घेतली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मावशी आज माझ्या गाडीत होती. गर्दी उतरल्यावर तिच्या शेजारी बसले आणि विचारलंच, तेवढा हट्ट कशासाठी होता?

"आठ वर्षांची होती मी. माय गूळ आनाले पाठवे. या प्रभाकरचा बाप आमच्या हातातून पैशे नव्हता घेत. त्या पायरीवर ठेवा लागे. मंग पानी शिपडून उचले. पानी शिपाले त्याचं पोरगं राहे, माह्याच एवढं."

अडाणी म्हटलं मी हिला! याच वहीत.

मग विचारलं, "त्यायले आठवलं असन का, मावशी?"

"एकशे चाळीसवर थांबला नाई का तो."